सावित्रीबाई फुले आणि ओतूरचा दुष्काळ

जुन्नर म्हटलें कीं प्रत्येकास शिवनेरीची आठवण होते, आणि आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकरच्या अरण्याची. ह्या दोन तालुक्यांच्या इतिहासांत लेण्यांचा, घाटवाटांचा, व्यापाराचा आणि शिवजन्माचा अभिमान वाटावा असें पुष्कळ आहे. परंतु ह्याच मातींत घडलेली एक गोष्ट शाळेंतील मुलांस क्वचितच सांगितली जाते. सन १८७७ च्या एप्रिल महिन्यांत, दुष्काळानें सारा मुलूख होरपळून गेला असतां, पुण्याहून आलेली एक बाई ओतूर येथें राहून उपाशी माणसांना धीर देत होती. ती बाई म्हणजे सावित्रीबाई फुले. मुलींच्या शिक्षिका म्हणून त्यांचें नांव आज घरोघरीं ठाऊक आहे. २०१४ सालापासून पुण्याच्या विद्यापीठासही तेंच नांव आहे. पण त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूनें पाहतां येतें, आणि ह्या लेखांत आम्ही त्या बाजूनें पाहणार आहों. रोग, उपासमार आणि अकालीं मरण हीं कोणाच्या वाट्यास आधीं येतात आणि कां येतात, ह्या प्रश्नाशीं सावित्रीबाईंचें सारें आयुष्य जडलेलें होतें.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. वडील खंडोजी नेवसे हे गांवचे पाटील होते. त्या काळच्या रीतीप्रमाणें १८४० सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशीं झाला. जोतीराव तेव्हां तेरा वर्षांचे होते. सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनीं करून दिली. पुढें त्यांनीं अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस् फॅरार यांच्या संस्थेंत आणि पुण्याच्या नॉर्मल स्कुलांत शिक्षिकेचें शिक्षण घेतलें. १८४८ सालीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातां येतां लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेंकीत. लोकनिंदेच्या धाकानें सासऱ्यांनीं १८४९ सालीं ह्या उभयतांस घराबाहेर काढलें, तरी शाळा थांबली नाहीं. हा भाग बहुतेक वाचकांस परिचित असल्यामुळें आम्ही तो येथें विस्तारानें सांगत नाहीं.

ह्या शाळांतून महार व मांग समाजांतील मुलेंमुलीही शिकत असत. त्यांपैकीं मुक्ताबाई नांवाच्या एका मांग मुलीनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. मुक्ताबाई तेव्हां अगदीं लहान वयाची होती आणि शाळेंत येऊन तिला थोडींच वर्षें झालीं होतीं. पण तिनें आपल्या लोकांचीं दुःखें सांगतांना जी गोष्ट लिहून ठेविली, ती आजच्या कोणत्याही वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यानें वाचावी अशी आहे. आपल्या समाजांतील स्त्रिया बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतें, थंडीनें आणि पावसानें त्यांचे हाल होतात, आणि अशा वेळीं एखादा रोग जडलाच तर वैद्यास व औषधास द्यावयाला पैसा कोठून आणावा, असा तिचा प्रश्न होता. गरिबांस फुकट औषध देणारा वैद्य कोणी पाहिला आहे काय, असेंही तिनें विचारलें आहे.

ह्या निबंधाचें महत्त्व आमच्या मतें असें आहे. त्या काळीं बाळंतिणीचा मृत्यु झाला तर लोक तें दैवावर किंवा पूर्वजन्मीच्या पापावर घालीत. त्या मुलीनें मात्र मृत्यूचें मूळ छपरांत, पावसांत, पैशांत आणि वैद्याच्या उंबरठ्यांत शोधलें. गांवाबाहेरची वस्ती, गळकें घर, हातीं पैसा नसणें आणि शिवाशीव ह्या चार गोष्टी रोगाच्या आधीं येऊन बसलेल्या असतात. रोग मागाहून येतो आणि त्यास तयार झालेली वाट सांपडते. फुले दांपत्याच्या शाळेंत अशी दृष्टि एका लहान मुलीस आली, ह्यावरून तेथें नुसतें अक्षर घोटविण्याचें काम होत नव्हतें हें उघड आहे.

शाळेबरोबरच सावित्रीबाईंनीं दुसरें एक काम अंगावर घेतलें. त्या काळीं उच्च म्हणविणाऱ्या जातींत बालविधवांचा पुनर्विवाह होत नसे. एखादी विधवा फसली, तर तिच्यापुढें जीव देणें किंवा मूल नाहींसें करणें, हे दोनच मार्ग उरत. लपूनछपून केलेल्या उपायांनीं कित्येक तरुण स्त्रिया प्राणांस मुकत. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्या घरांतच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें. तेथें येऊन कोणत्याही विधवेनें गुप्तपणें आणि सुरक्षितपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें, अशी सोय होती. १८८४ पर्यंत सुमारें ३५ स्त्रिया तेथें येऊन गेल्या. त्यांचें बाळंतपण, शेकशेगडी आणि मुलांचें संगोपन हें सारें सावित्रीबाईंकडे होतें. त्यांना स्वतःस अपत्य नव्हतें. १८७४ सालीं काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेस तेथें मुलगा झाला. त्यास ह्या उभयतांनीं दत्तक घेतलें व त्याचें नांव यशवंत ठेविलें. हा यशवंत पुढें डॉक्टर झाला. त्याचा उल्लेख लेखाच्या शेवटीं पुन्हां येईल.

तिसरी गोष्ट पाण्याची. १८६८ सालीं फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. आज ही गोष्ट लहान वाटेल, पण त्या वेळची स्थिति ध्यानांत आणावी. सार्वजनिक विहिरी व आड ह्या लोकांस बंद असत. कोणी वरून पाणी वाढील तर तें घ्यावयाचें, नाहीं तर ओढ्याचें, डबक्याचें, जनावरें जेथें डुंबतात तेथलें पाणी प्यावयाचें. पटकीची सांथ दूषित पाण्यावाटे पसरते हें लंडन शहरांत डॉक्टर जॉन स्नो यांनीं १८५४ सालीं एका पंपाच्या उदाहरणानें दाखवून दिलें होतें. तेथें पंपाचा दांडा काढून ठेवला आणि त्या पाण्याची वाट बंद झाली. आपल्याकडे चांगल्या पाण्याची वाटच जातीनें बंद केलेली होती. तेव्हां महारवाड्यांत व मांगवाड्यांत पटकी अधिक बळी घेत असेल, तर तो त्या लोकांच्या शरीराचा दोष नव्हे. तो विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या निर्बंधाचा परिणाम होय.

२४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीरावांनीं पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ह्या समाजाचें काम शहरापुरतें राहिलें नाहीं. तें खेड्यांत गेलें, आणि जुन्नर तालुक्यांत ओतूर हें त्याचें एक ठाणें झालें. ओतूर हें मांडवी नदीच्या कांठचें, माळशेज घाटाच्या वाटेवरचें मोठें गांव. तुकोबारायांचे गुरु बाबाजी चैतन्य यांच्या समाधीमुळें वारकऱ्यांस तें पूज्य आहे. अशा ह्या गांवीं सावित्रीबाई कोणत्या प्रसंगीं आल्या हें समजण्यासाठीं आधीं त्या दुष्काळाचें स्वरूप पाहिलें पाहिजे.

१८७६ सालीं दख्खनवर पाऊस पडला नाहीं म्हणावें इतका कमी पडला. आमच्या ह्या भागाची रचना वाचकांस ठाऊक आहेच. सह्याद्रीच्या कड्यालगत मुसळधार पाऊस पडतो आणि पूर्वेकडे थोड्या कोसांतच तो झपाट्यानें कमी होत जातो. पूर्वेकडील बाजरी-ज्वारीचीं शेतें सर्वस्वीं त्या थोड्या पावसावर अवलंबून. तो गेला कीं दाणा नाहीं आणि कडबाही नाहीं. परंतु एका वर्षाचा पाऊस गेला म्हणून माणसें लगोलग मरत नाहींत. ज्याच्या कणगींत मागील वर्षाचें धान्य आहे, ज्याच्या गांठीं पैसा आहे, तो एक वर्ष निभावून नेतो. १८७६ सालीं आमच्या शेतकऱ्यांजवळ हें दोन्ही नव्हतें. आणि तें कां नव्हतें, ह्यांतच खरा इतिहास आहे.

सरकारचा शेतसारा रोकड पैशांत आणि ठराविक मुदतींत भरावा लागे. पीक बुडालें तरी सारा चुकत नसे. म्हणून शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई. निरक्षर असल्यामुळें कागदावर काय लिहिलें आहे हें त्यास कळत नसे, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन सावकार त्याची जमीन लिहून घेई. ह्या जाचास कंटाळून १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे खतपत्र जाळले आणि तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. आंबेगांवच्या डोंगरपट्टींत तर त्याच्याही आधीं जांभोरीचा होनाजी केंगले हा महादेव कोळी सावकारांविरुद्ध उठला होता. तो १८७६ सालीं पकडला गेला. म्हणजे दुष्काळ येण्यापूर्वींच ह्या मुलखाची कणगी रिकामी झालेली होती. पाऊस गेला हें निमित्त होय. शेतकरी, बलुतेदार आणि डोंगरकपारींतील कोळी-ठाकर हे आधींच काठावर उभे केलेले होते.

त्यांतही सर्वांची दशा सारखी नव्हती. जमीनदार कुणबी गहाण टाकावयास कांहीं तरी बाळगून होता. महार, मांग व इतर बलुतेदार गांवच्या पिकांतील वाट्यावर जगत. पीकच नाहीं तर बलुतें कोठलें? मजूर रोजच्या मजुरीवर जगे; शेत पडीक राहिलें कीं मजुरी संपली, आणि त्याच वेळीं धान्याचा भाव कडाडला. अशा रीतीनें एकच दुष्काळ एका घरीं अडचण म्हणून आला, दुसऱ्या घरीं कर्ज म्हणून आला आणि तिसऱ्या घरीं मरण म्हणून आला.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं होतीं. तेथें खडी फोडून व माती वाहून लोकांस मजुरी मिळे. परंतु १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें ही मजुरी कमी करण्यांत आली. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापानें अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर अर्धा आणा, एवढ्यावर त्यानें दिवसभर उन्हांत राबावयाचें होतें. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्याच वर्षीं १ जानेवारीस दिल्लीस मोठा दरबार भरून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें होतें, आणि देशांतील धान्य परदेशीं जाणें चालूच होतें. धान्य देशांत नव्हतें असें नाहीं. उपाशी माणसाच्या हातीं तें विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें.

अशा वेळीं, १८७७ च्या एप्रिल महिन्यांत, सावित्रीबाई ओतूर येथें होत्या. तेथून २० एप्रिल रोजीं त्यांनीं जोतीरावांस लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. त्यांत त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें सर्व कळविलें आहे. नद्या, ओढे, तळीं कोरडीं पडलेलीं. झाडांचीं पानें गळून गेलेलीं. जमिनीस भेगा पडलेल्या. चाऱ्यावांचून गुरें पटापट मरून पडत असलेलीं. लोक घरदार सोडून परगांवीं निघाले होते. पोटाची आग सहन न होऊन कित्येक विषारी निवडुंगाचीं बोंडें खात. आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं सावित्रीबाईंनीं नुसतें हाल वर्णन करून लेखणी ठेविली नाहीं. सत्यशोधक समाजाचे लोक गांवोगांव फिरून धान्य गोळा करीत आहेत, लोकांस धीर देत आहेत आणि सावकारांच्या जुलमामुळें दंगे होत आहेत, हेंही त्यांनीं कळविलें.

ह्या दंग्यांच्या निमित्तानें तेथें मोठा प्रसंग ओढवला. दंग्याची वार्ता कलेक्टरास कळली आणि गोऱ्या पोलिस अंमलदारांनीं सत्यशोधक समाजाच्या पन्नास लोकांस पकडून नेलें. कलेक्टरानें सावित्रीबाईंनाही बोलावून घेतलें. एक बाई, तीही सत्तेचा अगर संपत्तीचा कसलाही आधार नसलेली, साहेबापुढें उभी राहिली आणि निरपराधी सेवकांस खोट्या आळावर कां धरलें, असा तिनें जाब विचारला. त्यांस सोडून द्यावें अशी तिनें मागणी केली. तो कलेक्टर न्यायी वृत्तीचा होता. त्यानें आपल्याच अंमलदारांची कानउघाडणी केली, पकडलेल्या लोकांस सोडून दिलें आणि लोकांची दैना पाहून ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. अधिकाऱ्याचें हें सौजन्य सावित्रीबाईंनीं पत्रांत मोकळेपणानें नमूद केलें आहे. अन्यायाचा जाब विचारणें आणि चांगुलपणाची कदर करणें, ह्या दोन गोष्टी त्यांच्याठायीं एकत्र नांदत होत्या.

चार गाड्या ज्वारीनें तालुक्याचें पोट भरत नाहीं हें कोणासही समजेल. त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांतच ५० लाखांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतलीं पुष्कळशीं नुसत्या उपासानें गेलीं नाहींत. उपासानें शरीर खंगलें, आणि मग पटकी, देवी, हगवण व हिंवताप ह्यांनीं त्यांचा घास घेतला. पाऊस परतल्यावर तापाच्या सांथीनें तर अनेक ठिकाणीं दुष्काळापेक्षांही अधिक माणसें नेलीं. म्हणून ओतूरच्या त्या ज्वारीचें मोल आम्ही गाड्यांच्या संख्येवरून करीत नाहीं. भुकेल्याला धान्य देणें हें रोगाच्या आधीं दिलेलें औषध होतें. ओतूरहून परतल्यावरही हें काम चालू राहिलें; पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांसाठीं व्हिक्टोरिया बालाश्रम चालविण्यांत आला आणि तेथील मुलांच्या अन्नाची व्यवस्था सावित्रीबाईंनीं इतर स्त्रियांसह पाहिली.

दुष्काळ सरला, पण डोंगरपट्टींतील लोकांपुढें दुसरें संकट उभें राहिलें. १८७८ सालीं जंगलाचा नवा कायदा झाला आणि सरकारनें रानें राखीव करण्यास आरंभ केला. भीमाशंकर व नाणेघाटाच्या बाजूचे महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे लोक वाईट वर्षीं कंदमुळें, मध, रानभाजी व हिरडा ह्यांवर तग धरीत. डोंगरउतारावर दळी जाळून ते नाचणी-वरई पिकवीत. आतां त्याच रानांत जावयास परवानगी लागूं लागली. ज्याच्या अंगणांत औषध आणि अन्न होतें, तो आपल्याच अंगणांत चोर ठरला. पुढल्या प्रत्येक दुष्काळांत आणि सांथींत ह्या लोकांचें शरीर अधिक दुबळें सांपडलें, तर त्याचें आश्चर्य वाटावयास नको.

ओतूरकरांनीं फुले दांपत्याचा संबंध पुढेंही सोडला नाहीं. तेथील भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे जोतीरावांचे निष्ठावंत सहकारी होते. ओतूरच्याच बाळाजी कुसाजी पाटील यांनीं आपल्या घरचें लग्न पुरोहितावांचून सत्यशोधक रीतीनें लावलें आणि दक्षिणेच्या हक्काचा तो वाद थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. दुष्काळांत लोकांस जें धान्य मिळालें तें संपून गेलें; पण आपण प्रश्न विचारूं शकतों हा जो धीर मिळाला, तो टिकला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. अंत्ययात्रेंत टिटवें कोणी धरावें ह्यावरून भाऊबंदांनीं वाद घातला, तेव्हां सावित्रीबाई स्वतः पुढें झाल्या आणि त्यांनीं तें हातीं घेतलें. पुढें सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनीं वाहिली. १८९३ सालीं सासवड येथें भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. वय साठीच्या पुढें गेलें होतें, पण कामांत खंड पडला नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं पहिला प्लेगचा रोगी ओळखला आणि वर्ष संपतां संपतां ही सांथ पुण्यास पोहोंचली. प्लेगचा जंतु हाँगकाँग येथें १८९४ सालीं सांपडला होता. पण तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसास जडतो हें १८९८ सालीं प्रथम दाखविण्यांत आलें. डॉक्टर हाफकिन यांनीं आपली लस १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतली होती; ती सर्वांस मिळण्यास अद्यापि अवकाश होता. सारांश, त्या वेळीं कोणाजवळच खात्रीचा उपाय नव्हता. तरीही सर्वांवर सारखें संकट नव्हतें. ज्यांस दुसरें घर होतें ते गांव सोडून मळ्यांत व बंगल्यांत गेले. ज्यांचें पोट रोजच्या मजुरीवर होतें ते दाट वस्तींत, अंधाऱ्या खोल्यांत, उंदरांच्या सोबतीस राहिले. फेब्रुवारींत सांथींचा कायदा झाला, आणि मार्चांत शिपाई घरोघर झडती घेऊं लागले; लोक रोगास भीत त्याहून झडतीस अधिक भिऊं लागले आणि आजारी माणसें लपवूं लागले.

सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत तेव्हां लष्करांत डॉक्टर होता. आईच्या सांगण्यावरून तो आला आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत, वस्तीपासून दूर, माळावर त्यानें प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुक्ताबाईनें १८५५ सालीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर जणूं बेचाळीस वर्षांनीं ह्या माळावर मिळालें; ज्या घरांत टाकून दिलेल्या विधवांची बाळंतपणें झालीं, त्याच घरांत वाढलेला मुलगा गरिबांस औषध देणारा वैद्य झाला होता. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या स्वतः वस्त्यावस्त्यांतून हिंडून रोगी शोधीत आणि दवाखान्यांत आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यांत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगनें पडला असल्याचें त्यांस कळलें. आणावयास वाहन नव्हतें, आणि शिवावयास कोणी तयार नव्हतें. सावित्रीबाईंनीं त्यास आपल्या पाठीवर घेतलें आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलें. ह्या सेवेंतच त्यांस प्लेगची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

ह्या मृत्यूकडे आत्मत्याग म्हणून पाहण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. त्या मुलास पाठीवर कां आणावें लागलें, हा प्रश्न आम्ही विचारूं इच्छितों. दवाखाना होता, डॉक्टर होता. पण वस्ती आणि दवाखाना ह्यांच्या मध्यें वाहन नव्हतें, पैसा नव्हता आणि माणसानें माणसास शिवण्याची मोकळीक नव्हती. ती सारी वाट एका वृद्ध बाईस आपल्या पाठीनें भरून काढावी लागली. चांगली समाजव्यवस्था ती कीं जींत असा त्याग करण्याची पाळी कोणावर येत नाहीं.

आज देवी नाहींशी झाली आहे, पटकी व प्लेग यांवर औषधें आहेत, आणि अस्पृश्यता राज्यघटनेनें रद्द केली आहे. मनुष्याचें आयुष्य पूर्वींपेक्षां पुष्कळ लांबलें आहे. परंतु जुन्या वाटा पुसून टाकणें सोपें नसतें. घोडनदीवर डिंभें धरण झालें. त्याच्या पाण्यानें पूर्वेकडील कोरडे मळे हिरवे झाले, पण मूळचें आंबेगांव त्या पाण्याखालीं गेलें आणि डोंगरांतील अनेक कुटुंबें वर सरकलीं. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर कडा कोसळला आणि दीडशेच्या सुमारास माणसें गाडलीं गेलीं. पश्चिमेच्या वाड्यांतून पावसाळ्यांत मोठें रुग्णालय गांठावयाचें तर आजही वाट लांब पडते. सांथ आली, कडा ढांसळला, पाऊस चुकला, म्हणजे पहिला घाव कोठें बसेल हें आपणांस आधींच सांगतां येतें. आणि जें आधींच सांगतां येतें त्यास दैव म्हणतां येत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी सरकारी अधिकारी, आणि बहुतेक जण आपापल्या गांवीं शेती व व्यवसाय करतील. त्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं कोणी आजारी पडलें तर त्यास औषध विचारावें, पण त्याबरोबर त्याचें पाणी कोठून येतें, घर कसें आहे, कर्ज किती आहे, आणि दवाखान्याची वाट किती कोसांची आहे हेंही विचारावें. सावित्रीबाईंनीं शाळेंत, बाळंतिणीच्या खोलींत, हौदाच्या कांठीं, ओतूरच्या दुष्काळांत आणि मुंढव्याच्या वाटेवर हेंच केलें. त्यांची जयंती ३ जानेवारीस येते. त्या दिवशीं शाळेंत हार घातला जातो तो घालावाच. त्याबरोबर आपल्या गांवांतील सर्वांत दूरच्या वाडीपर्यंत एकदां चालत जावें आणि तेथलें पाणी पिऊन पाहावें.